अम्मी-अब्बांनंतर कोण? बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी काम करायचं असेल तर

विशेष शाळा साधारण १८ व्या वर्षी संपते. त्यानंतर मुलगा किंवा मुलगी घरीच बसते. पहिले काही महिने कुणाला फारसं जाणवत नाही. मग शाळेत शिकलेलं विसरायला होतं, वजन वाढतं, चिडचिड वाढते, आणि साठी ओलांडलेल्या आईला तिशीतल्या मुलाला आंघोळ घालावी लागते. अशा घरात गेलं की चहाचा कप हातात येण्याआधी एक प्रश्न कानावर येतो: आमच्यानंतर याचं कोण करणार?

भाऊ-बहीण करतील, हे एक उत्तर. अनेक घरांत ते खरंही ठरतं. पण भाऊ आखातात असतो, बहिणीचं सासर दूर असतं, वहिनीवर आधीच दोन लेकरांचा भार असतो. म्हणून हे काम शिकलेली, पगार घेऊन नीट करणारी माणसंही लागतात. आपल्या मोहल्ल्यात नर्सिंग, फार्मसी, शिक्षकी पेशा यांची माहिती मुलामुलींना असते. या क्षेत्राबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. म्हणून आम्ही ही माहिती एकत्र करून देत आहोत. ज्यांना नोकरी करायची आहे त्यांना ती उपयोगी पडेल, आणि ज्यांच्या घरात अशी व्यक्ती आहे त्यांना चांगली सेवा कशी ओळखायची हेही कळेल.

कोणाबद्दल बोलतोय?

शिकायला, समजून घ्यायला आणि रोजचे व्यवहार करायला ज्यांना लहानपणापासूनच जास्त वेळ आणि मदत लागते, त्यांच्या स्थितीला आता ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ म्हणतात. ‘मतिमंद’ हा शब्द अजून कागदोपत्री आणि पाट्यांवर दिसतो, पण अनेकांना तो लागतो, म्हणून बोलताना टाळलेला बरा. ‘पागल’, ‘येडा’ हे तर सोडाच. बौद्धिक दिव्यांगत्व हा मानसिक आजार नाही. आजार कोणत्याही वयात येऊ शकतो आणि उपचाराने कमी होऊ शकतो. ही स्थिती आयुष्यभराची असते, पण शिकणं मात्र आयुष्यभर चालू राहू शकतं.

शब्दांचा एक घोळ लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणतात ते हेच. आपल्याकडे ‘अध्ययन अक्षमता’ म्हटलं की वाचन-लेखन-गणितातली अडचण, म्हणजे डिस्लेक्सियासारखी स्थिती समजली जाते. अर्ज भरताना, कोर्स निवडताना हा फरक माहीत असावा.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यांपैकी बौद्धिक दिव्यांग सुमारे १५ लाख होते. अनेक घरं अशी माहिती सांगत नाहीत, विशेषतः मुलींची, कारण इतर बहिणींची स्थळं अडतील अशी भीती असते. हे लपवण्याने कुणाचंच भलं झालेलं आम्ही पाहिलेलं नाही.

हे काम कुठे असतं?

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे आणि बहुतेक ठिकाणी तिची सुरुवात आईवडिलांनीच केली आहे. मुंबईत शिवडीची जय वकील संस्था १९४४ मध्ये एका पारशी दांपत्याने आपल्या डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी सुरू केली. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर काढलं. त्यांचा स्वतःचा मुलगा बौद्धिक दिव्यांग होता. बदलापूरची ‘आधार’ ही पालकांनीच उभी केलेली निवासी संस्था आहे. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातल्या कोळवणला ‘साधना व्हिलेज’मध्ये प्रौढ व्यक्ती घरासारख्या गटांत राहतात. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.

कामाची ठिकाणं साधारण चार प्रकारची असतात.

पहिली कर्मशाळा किंवा दिवसाचं केंद्र. इथे १८ वर्षांवरील व्यक्ती सकाळी येतात आणि संध्याकाळी घरी जातात. कागदी पिशव्या, मेणबत्त्या, मसाले, फाईली, शिवणकाम अशी कामं चालतात.

दुसरं निवासी केंद्र किंवा गटघर. इथे चोवीस तास पाळीत काम असतं.

तिसरी घरी जाऊन दिलेली मदत. आईचं ऑपरेशन असेल किंवा घरात लग्न असेल तेव्हा काही दिवसांपुरतं सांभाळणं हेही याच प्रकारात येतं.

चौथं नोकरीसाठीचं सहाय्य. हॉटेलचं स्वयंपाकघर, दुकान, कार्यालय अशा ठिकाणी दिव्यांग व्यक्तीसोबत सुरुवातीचे काही आठवडे थांबून काम शिकवायचं आणि मग हळूहळू बाजूला व्हायचं.

दिवस कसा जातो?

नवीन माणसाला वाटतं की आपण ‘सांभाळायला’ आलो आहोत. म्हणून तो भराभर सगळं स्वतः करून टाकतो: बटणं लावतो, घास भरवतो, दप्तर उचलतो. काम पटकन होतं, पण समोरच्याच्या हातातलं काम जातं. आपण किती केलं यापेक्षा त्या व्यक्तीने आज स्वतः किती केलं, हे या पेशात मोजलं जातं.

शिकवण्याची पद्धत साधी आहे. कोणतंही काम छोट्या पायऱ्यांत तोडायचं. चहा करणं म्हणजे पातेलं घेणं, पाणी मोजून ओतणं, गॅस पेटवणं, पत्ती-साखर टाकणं, दूध घालणं, उकळी बघणं, गॅस बंद करणं, गाळणं. एका वेळी एकच पायरी पक्की करायची. काही वेळा शेवटच्या पायरीपासून शिकवणं जास्त जमतं: आपण सगळं करायचं आणि शेवटचं गाळणं त्याच्याकडे द्यायचं, म्हणजे ‘मी चहा केला’ हे समाधान पहिल्याच दिवशी मिळतं. मदत देताना आधी थांबून बघायचं, मग खूण करायची, मग सांगायचं, मग करून दाखवायचं, आणि अगदी शेवटी हात धरायचा. जमायला लागलं की हीच मदत एकेक करून काढून घ्यायची.

बोलताना वाक्य छोटं ठेवा. एका वाक्यात एकच सूचना द्या. ‘हात धुऊन, डबा घेऊन, तिकडे जाऊन बस’ यात तीन कामं आहेत. सांगून झाल्यावर मनात दहापर्यंत मोजा. उत्तर उशिरा येतं, पण येतं. आपण घाईने तेच पुन्हा सांगितलं तर त्याला पहिल्यापासून विचार करावा लागतो. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी चित्रांचे कार्ड, फोटो, हाताच्या खुणा वापरतात. निवड करायला देताना ‘काय खाणार?’ असं मोकळं विचारण्याऐवजी केळं आणि बिस्किट दोन्ही समोर धरा.

घरात मराठी, दखनी किंवा कोकणी बोलली जात असेल तर तिचे रोजचे दहा-वीस शब्द लिहून घ्या. घरी ‘पानी’ म्हणणारा माणूस केंद्रात ‘पाणी’ला प्रतिसाद देत नाही म्हणून त्याला ‘काही समजत नाही’ असा शेरा मारणं अन्याय आहे.

आणखी एक गोष्ट मानाची. चाळीस वर्षांच्या माणसाला ‘बाळा’, ‘मुन्ना’ म्हणू नका. सगळ्यांसमोर त्याचे कपडे बदलू नका. तो समोर बसलेला असताना त्याच्या फिटबद्दल, लघवीबद्दल इतरांशी बोलू नका. ज्या घरात सगळ्या मोठ्यांना ‘भाई’, ‘आपा’ म्हणतात तिथे यांनाही तसंच म्हणा. बाईची आंघोळ, कपडे, पाळीच्या दिवसांतली मदत बाई कर्मचाऱ्यानेच करावी. हा नियम प्रत्येक केंद्रात असायला हवा, आणि कुटुंबांनी तो आग्रहाने मागितला पाहिजे.

ओरडणं, मारणं, फेकणं: त्यामागे काय असतं?

या कामात सगळ्यात जास्त कस इथे लागतो. कुणी डोकं आपटतं, कुणी चावतं, कुणी ताट फेकतं. ‘हट्टी आहे’ म्हणून सोडून देणं सोपं असतं. चांगला कर्मचारी तीन गोष्टी लिहून ठेवतो: आधी काय घडलं, मग व्यक्तीने काय केलं, त्यानंतर काय झालं. आठ-दहा नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं. मिक्सर सुरू झाला की त्रास होतो, किंवा रोजची रिक्षा चुकली की होतो, किंवा कंटाळवाणं काम टाळता येतं म्हणून होतो. उपाय त्यावर ठरतो.

वागणं अचानक बदललं असेल तर सगळ्यात आधी दुखणं तपासा. दात, कान, पोट, बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, पाळी. ज्याला ‘दुखतंय’ सांगता येत नाही तो गालावर मारून घेऊन सांगतो. त्याला गप्प करण्यासाठी आधीच झोपेची गोळी दिली तर दुखणं तसंच राहतं.

बांधून ठेवणं, खोलीत कोंडणं, जेवण बंद करणं ही शिस्त नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीवर हात उगारणं, चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणं, ताब्यात असताना जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणं यांसाठी सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. हा कायदा संस्थेला लागू आहे, तसा घरालाही लागू आहे.

आरोग्याच्या या गोष्टी पाठ असाव्यात

बौद्धिक दिव्यांगांमध्ये फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. फिट आली तर व्यक्तीला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आजूबाजूचं टणक सामान हटवा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी फिट आली, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा.

फिटची गोळी एक दिवसही चुकवायची नसते. रमजानमध्ये घरात सगळे रोजे धरतात म्हणून हेही धरतात आणि दुपारची गोळी राहते, असं होऊ शकतं. ज्याला रोजा म्हणजे काय हे समजण्याइतकी जाण नाही, त्याच्यावर तो फर्ज नाही. ज्याला समज आहे आणि धरायची इच्छा आहे, त्याच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला. इफ्तारच्या दस्तरख्वानावर मात्र त्याची जागा सगळ्यांबरोबर असावी.

डाऊन सिंड्रोम असलेल्यांमध्ये थायरॉईडचा त्रास जास्त आढळतो, आणि स्मृतिभ्रंशही इतरांपेक्षा बराच लवकर, कधी चाळिशी-पन्नाशीतच सुरू होतो. आधी येणारी कामं विसरायला लागली तर ‘आळशी झाला’ म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. काहींना गिळायला त्रास होतो. त्यांना सरळ बसवून छोटे घास द्या आणि जेवताना एकटं सोडू नका.

सुरक्षितता

या व्यक्तींवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो आणि तो ‘कुणाला सांगू नको’ एवढ्यावर निभावून नेतो. म्हणून कर्मचाऱ्याने शरीराच्या भागांची नावं, नको असलेला स्पर्श, ‘नाही’ म्हणणं आणि कुणाला सांगायचं हे प्रौढांनाही चित्रांतून शिकवलं पाहिजे. ज्याला नेहमी ‘सांगितलं तेवढं ऐक’ इतकंच शिकवलं, त्याला वेळेवर नाही म्हणता येत नाही.

संशय आला तर संस्थेची बदनामी होईल या भीतीने गप्प बसू नका. तारीख, वेळ, काय दिसलं, व्यक्ती काय म्हणाली हे तिच्याच शब्दांत लिहा, कपडे धुवू नका, आणि पोलिसांना कळवा. पीडित व्यक्ती दिव्यांग असेल तर लैंगिक अत्याचाराची तक्रार तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, विशेष शिक्षक किंवा दुभाषा सोबत ठेवून नोंदवण्याची तरतूद कायद्यात आहे. पॉक्सो कायदा १८ वर्षांखालील मुलांसाठी आहे. यात मानसिक वय नव्हे, जन्मतारखेचं वय धरायचं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आहे. म्हणजे प्रौढ मुलीच्या प्रकरणात सर्वसाधारण फौजदारी कायदा लागतो, आणि त्यात दिव्यांग महिलेवरच्या बलात्काराला अधिक कठोर शिक्षा आहे.

कागदपत्रं, जी कर्मचाऱ्यालाही माहीत हवीत

कुटुंबं आपल्यालाच विचारतात, म्हणून किमान एवढं ठाऊक असावं.

युडीआयडी कार्ड: सरकारी पोर्टलवर अर्ज, जिल्हा रुग्णालयात तपासणी. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

कायदेशीर पालकत्व: १८ वर्षं पूर्ण झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ नुसार ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमता येतो. बँक, मालमत्ता, पेन्शन यात हे पत्र उपयोगी पडतं.

निरामय आरोग्य विमा: याच चार प्रकारच्या दिव्यांगांसाठी, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत. ओपीडी, औषधं आणि थेरपीचा खर्चही यात धरला जातो.

दिवसाच्या केंद्रासाठी आणि निवासी केंद्रासाठीही राष्ट्रीय न्यासाच्या योजना आहेत. राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. सरकारी नोकरांच्या दिव्यांग अपत्याला नियमांनुसार आयुष्यभर कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकतं. २०२२ पासून महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्याचं आयुक्तालय पुण्यात आहे.

वारशाबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. आपल्या शरीअतमध्ये दिव्यांगत्वामुळे वारसाहक्क जात नाही. ‘त्याला काय कळतंय’ म्हणून दिव्यांग भावाचा हिस्सा वाटून घेणं म्हणजे हक्क मारणं आहे. सूरह अन-निसामध्ये असमंजस माणसाची मालमत्ता सांभाळण्याबरोबरच त्याला त्यातून नीट खाऊपिऊ घालण्याची आणि त्याच्याशी भलेपणाने बोलण्याची ताकीद आहे. हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवा, पालक नेमा आणि हिशेब लिहा.

शिक्षण आणि पगार

मदतनीस किंवा काळजीवाहक म्हणून अनेक संस्था दहावी-बारावी झालेल्यांना घेतात आणि स्वतः प्रशिक्षण देतात. विशेष शिक्षक व्हायचं तर बारावीनंतर दोन वर्षांचा विशेष शिक्षणाचा डिप्लोमा किंवा पदवीनंतर विशेष बी.एड. लागतं. अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का हे प्रवेशाआधी बघा, कारण १९९२ च्या कायद्यानुसार या परिषदेत नाव नोंदवल्याशिवाय पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम करता येत नाही. या विषयातली मुख्य राष्ट्रीय संस्था १९८४ पासून सिकंदराबादला आहे आणि तिचं केंद्र नवी मुंबईतही आहे.

पगाराबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. सुरुवातीला तो कमी असतो. मुलाखतीत हे विचारा: एका कर्मचाऱ्याकडे किती व्यक्ती? रात्री किती जण जागे असतात? साप्ताहिक सुट्टी, भविष्य निर्वाह निधी आहे का? महिलांच्या विभागात कोण असतं? औषधांची नोंदवही दाखवाल का? जी संस्था या प्रश्नांवर चिडते तिथे आपल्या मुलीला नोकरीला पाठवू नका आणि आपल्या मुलालाही ठेवू नका.

कोकणातली अनेक कुटुंबं परदेशाशी जोडलेली आहेत, म्हणून एक इशारा. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून केअर वर्कर पदांसाठी परदेशातून नवी भरती बंद केली आहे. आजही कुणी एजंट लाखो रुपये घेऊन हा व्हिसा काढून देतो म्हणत असेल तर दागिने गहाण टाकण्याआधी थांबा.

थकवा येतोच

हे काम अंगाला आणि मनाला थकवतं. सहा महिने शिकवलेलं एका तापात विसरलं जातं. थुंकणं, शिव्या, रात्रीची जाग सगळं वाट्याला येतं. राग आला तर सहकाऱ्याला सांगून पाच मिनिटं बाहेर जा, यात कमीपणा नाही. ‘सवाब मिळेल’ या भावनेने सुरुवात करणारे बरेच असतात आणि नियत चांगलीच आहे, पण सुट्टी, प्रशिक्षण आणि वेळेवर पगार नसेल तर चांगली नियतही आंबते. जमातीने, ट्रस्टने असं केंद्र काढायचं ठरवलं तर इमारतीच्या आधी कर्मचाऱ्यांच्या पगाराची तजवीज करावी.

आणि ज्यांच्या घरात अशी व्यक्ती आहे, त्यांना एक विनंती. आपण असतानाच त्यांना इतरांच्या हातची सवय लावा. आठवड्यातून दोन दिवस केंद्रात, महिन्यातून एक रात्र खालाकडे. एक वही करा: काय आवडतं, कशाला घाबरतो, गोळ्या कोणत्या, झोपताना कोणती उशी लागते. उद्या नवीन माणूस दारात येईल तेव्हा त्याच्या हातात ती वही असेल, तर अम्मीचं निम्मं काम तो पहिल्या दिवसापासून करू शकेल.